चालतंय ना, मग हात कशाला लावता?

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, बॅक्सली गावाजवळ, हॅच नावाचं अणुवीज केंद्र आहे. ७ मार्च २००८ रोजी त्याची दुसरी अणुभट्टी आपोआप बंद पडली आणि पुढचे ४८ तास बंदच राहिली. पाइप फुटला नव्हता, पंप अडकला नव्हता, पाणी जिथे असायला हवं तिथेच होतं. झालं एवढंच, की ऑफिसच्या नेटवर्कवरच्या एका संगणकावर एका इंजिनिअरने सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवली आणि संगणक रीस्टार्ट केला. हा संगणक भट्टीच्या नियंत्रण यंत्रणेकडून रासायनिक तपासण्यांची माहिती घेत असे, आणि दोन्हीकडची माहिती एकसारखी ठेवणं हेच त्या नव्या आवृत्तीचं काम होतं. रीस्टार्ट होताना तिने ते चोख केलं, फक्त उलट्या दिशेने. नियंत्रण यंत्रणेतले आकडेच रीसेट झाले. सुरक्षा यंत्रणेने त्याचा अर्थ लावला की इंधनाच्या कांड्या थंड ठेवणारं पाणी घटलंय, आणि नियमाप्रमाणे भट्टी बंद केली.

म्हणजे अपडेटच्या भानगडीत पडूच नये? तसं वाटत असेल तर पाच वर्षं मागे, ओहायोतल्या डेव्हिस-बेसी केंद्रात जायला हवं. २५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ नावाचा किडा जगभरच्या संगणकांत पसरला. एका कंत्राटदाराच्या लाइनवरून तो फायरवॉलला वळसा घालून या केंद्रात शिरला. सुरक्षेचे महत्त्वाचे आकडे एका ठिकाणी दाखवणारी यंत्रणा ४ तास ५० मिनिटं बंद होती. केंद्र त्या वेळी दुरुस्तीसाठी आधीपासूनच बंद होतं, हे नशीब. मायक्रोसॉफ्टने या दुखण्यावरचा पॅच सहा महिन्यांपूर्वीच दिला होता. तो कुणी बसवलाच नव्हता.

एकीकडे अपडेट केलं म्हणून बंद पडलं, दुसरीकडे केलं नाही म्हणून. कारखान्यातल्या मेंटेनन्सवाल्यांचं ‘चालतंय ना, मग हात कशाला लावता?’ हे वाक्य बाहेरच्यांना आळशीपणाचं वाटतं. ते तसं नाही. कारखान्यांच्या नियंत्रण यंत्रणांचा हा सगळा व्यवसाय उभाच राहिला तो जुनं ते टिकवण्याच्या हमीवर. पुढे नव्वदच्या दशकात सोयीसाठी त्याने विंडोजशी संसार मांडला, आणि दर महिन्याला बदलणारं दुसऱ्याचं कॅलेंडर आपल्या भिंतीवर टांगून घेतलं. सगळी ओढाताण तिथून सुरू होते.

त्या आधीचा काळ थोडा पाहायला हवा. १९६८ साली जनरल मोटर्सचा हायड्रा-मॅटिक विभाग, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारा विभाग, रिलेंना, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचना, वैतागला होता. गार्ड बंद आहे, लिमिट स्विच दाबला गेलाय, शिवाय तेलाचा दाब पुरेसा आहे, तरच मोटर सुरू व्हावी, असं प्रत्येक ‘तर’ आणि ‘शिवाय’ हे एकेका रिलेने आणि वायरच्या तुकड्याने बनलेलं असे. भिंतभर पॅनेल, त्यात शेकडो रिले. गाडीचं मॉडेल बदललं की पॅनेल उसवायचं, नव्याने वायरिंग करायचं, नाहीतर सरळ भंगारात घालायचं. कंपनीने मागणी केली, की वायर न बदलता तर्क बदलता येईल असं काहीतरी द्या.

मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्ड असोसिएट्स या छोट्या कंपनीतल्या डिक मॉर्लींनी त्याआधीच, १ जानेवारी १९६८ रोजी, अशा यंत्राचं टिपण लिहून काढलं होतं. आदल्या रात्रीच्या पार्टीचा अंमल तेव्हा पुरता उतरला नव्हता, असं ते स्वतःच पुढे हसत सांगत. बेडफर्डचं ते चौऱ्याऐंशीवं काम, म्हणून यंत्राचं नाव ‘०८४’. ते बनवायला काढलेली कंपनी ‘मोडिकॉन’. १९६९ मध्ये यंत्र हायड्रा-मॅटिकला पोचलं. त्यात पंखा नव्हता, कारण पंखा बाहेरची हवा ओढतो आणि कारखान्याच्या हवेत तेल नि धातूचा कीस असतो. आज ज्याला सगळे पीएलसी म्हणतात, म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, त्याचा हा मूळपुरुष.

मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा सर्वांत शहाणा निर्णय मात्र लोखंडाच्या पेटीबद्दल नव्हता. संगणक म्हटला की फोरट्रानसारखी भाषा आली, आणि कारखान्यात ती येणार कुणाला? तिथला वायरमन रिलेचं सर्किट कागदावर काढायचा: दोन बाजूंना दोन उभ्या रेषा, मध्ये आडव्या पायऱ्या. प्रोग्रॅमही तसाच लिहायचा असं ठरलं. हीच ती ‘लॅडर’. रिले गेले, पण रिलेचं चित्र राहिलं. नव्याने जुन्याशी जमवून घ्यावं, हा या व्यवसायातला पहिला समझोता माणसांशी झाला, यंत्रांशी नंतर. १९९३ मध्ये पीएलसीच्या भाषांचं आंतरराष्ट्रीय मानक निघालं, आयईसी ६११३१-३, तेव्हा त्यातही लॅडर होतीच. चाकणमधल्या एखाद्या प्रेस लाइनचा प्रोग्रॅम आज लॅपटॉपवर उघडला, तरी समोर येतात त्या त्याच पायऱ्या.

मोडिकॉनने १९७९ मध्ये आपल्या पीएलसींना एकमेकांशी बोलता यावं म्हणून ‘मॉडबस’ ही पद्धत काढली. तीही मेलेली नाही. सोलर इन्व्हर्टर, वीजमीटर, चिलर, डिझेल जनरेटर, सगळे अजून मॉडबस बोलतात. तिच्यासोबत तिचं दुखणंही आलं. मोडिकॉनच्या कागदावर पहिल्या रजिस्टरचा क्रमांक ४०००१, पण प्रत्यक्ष संदेशात तेच रजिस्टर शून्य म्हणून जातं. त्यामुळे एका मीटरचं मॅन्युअल मोजणी एकपासून करतं, दुसऱ्याचं शून्यापासून. नवा मीटर बसवला, सॉफ्टवेअर तेच ठेवलं, आणि व्होल्टेजच्या जागी भलताच आकडा दिसायला लागला, की जाणकार आधी पत्त्यात एक मिळवून बघतो, मग वजा करून बघतो. पंचेचाळीस वर्षं जुनी, सगळ्यांना ठाऊक असलेली अडचण, आणि तरी दर नव्या साइटवर अर्धा दिवस खाणारी. (मोडिकॉन पुढे गूल्ड, मग एईजी असं करत श्नायडरकडे गेली. त्याच श्नायडरने २०२० मध्ये लार्सन अँड टुब्रोचा इलेक्ट्रिकल आणि ऑटोमेशन व्यवसाय विकत घेतला, तेव्हा अहमदनगरचा कारखानाही त्यासोबत गेला.)

युरोपात, आणि युरोपातून यंत्रं आणणाऱ्या भारतात, दुसरी मोठी परंपरा सीमेन्सची. १९७९ मध्ये सिमॅटिक एस५ आला. नव्वदच्या दशकाच्या मध्याला त्याची जागा एस७ ने घेतली. एस५ चे प्रोग्रॅम वाया जाऊ नयेत म्हणून सीमेन्सने रूपांतर करणारं साधन दिलं. जुनी फाइल टाका, नवी घ्या. कागदावर सोपं होतं.

एक साधी गोष्ट बघा. एस५ मध्ये डेटा मोजायचा तो शब्दांत: डीडब्ल्यू ०, डीडब्ल्यू १, डीडब्ल्यू २. एका शब्दात दोन बाइट. एस७ मोजतो बाइटमध्ये. म्हणजे जुना डीडब्ल्यू १ नव्यात डीबीडब्ल्यू २ होतो, डीडब्ल्यू १० होतो डीबीडब्ल्यू २०. रूपांतर करणारं साधन हे दुप्पट करणं इमानेइतबारे करतं. पण कंट्रोल रूममधल्या स्काडाच्या, म्हणजे सगळ्या यंत्रांचे आकडे एका जागी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, पडद्याला, शेजारच्या मशिनच्या पीएलसीला किंवा रेसिपी पाठवणाऱ्या संगणकाला हे कोण सांगणार? ते अजून जुन्याच पत्त्यावर चौकशी करत असतात, आणि त्या पत्त्यावर आता दुसराच कुणी राहत असतो. उत्तर मिळतं, आकडाही दिसतो, फक्त तो तापमानाचा नसतो. त्याहून त्रासदायक म्हणजे काही हुशार प्रोग्रॅमरांनी एलआयआर, टीआयआर या आज्ञा वापरून थेट मेमरीतल्या जागेवर हात घातलेला असे. एस७ ची मेमरी तशी रचलेलीच नाही, म्हणून साधन तिथे थांबतं आणि इशारा लिहून मोकळं होतं. दशांश आकडे साठवायची एस५ ची पद्धतही वेगळी होती. तीही बदलून घ्यावी लागे. या इशाऱ्यांची यादी समोर ठेवून एकेक ओळ तपासणं, हेच अपग्रेडचं खरं काम. यादीकडे दुर्लक्ष करून ‘कन्व्हर्ट झालं’ म्हणणारा इंजिनिअर कमिशनिंगच्या रात्री भेटतो.

आणि तरी एस७ ने एस५ ला घराबाहेर काढलं नाही. वेळ मोजण्यासाठी ‘एस५टाइम’ नावाचा प्रकार आहे: तीन आकडे आणि एक पट, त्यामुळे कमाल ९९९० सेकंद, म्हणजे २ तास ४६ मिनिटं ३० सेकंद. हा प्रकार एस७-३०० मध्ये होता, २०१२ मध्ये आलेल्या एस७-१५०० मध्येही आहे. तीन तासांचा टायमर लावायला निघालेला नवशिका तिथे अडकतो, आणि १९७९ च्या मर्यादेशी त्याची ओळख होते.

पीएलसी एकदा पॅनेलमध्ये बसला की वीस वर्षं बसतो. त्याच्याशी बोलणारा संगणक मात्र इतका टिकत नाही. एस५ चं सॉफ्टवेअर सुरुवातीला सीपी/एम या आज विस्मरणात गेलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चाले, मग डॉसवर. परवान्याची किल्ली फ्लॉपीवर यायची. फ्लॉपी खराब झाली की परवाना गेला. पुढे लॅपटॉपची सिरियल पोर्ट गेली, यूएसबीला लावायचे कन्व्हर्टर आले, आणि त्यातला कुठला चालतो हे प्रत्येक मेंटेनन्स खात्याने अनुभवाने पाठ केलं. डॉसचा आणखी एक किस्सा सांगण्यासारखा. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले पुष्कळ प्रोग्रॅम सुरू होताना संगणकाचा वेग मोजत. घड्याळाच्या एका ठोक्यात किती फेऱ्या होतात ते पाहायचं आणि भागाकार करायचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी प्रोसेसर २०० मेगाहर्ट्झच्या पुढे गेले आणि भागाकाराचं उत्तर ठरलेल्या जागेत मावेना. ‘रनटाइम एरर २००’ असं म्हणून प्रोग्रॅम बंद. संगणक जास्त वेगवान झाला म्हणून काम अडलं! कारखान्यांच्या स्टोअरमध्ये जुनाट, जाडजूड लॅपटॉप कुलपात जपून ठेवलेले दिसतात, त्यामागे असल्या कहाण्या आहेत.

आज त्या लॅपटॉपची जागा बऱ्याच ठिकाणी व्हर्च्युअल मशिननी घेतली आहे. एकाच लॅपटॉपमध्ये चार-पाच संगणक: एकात विंडोज एक्सपी आणि एस७ चं जुनं सॉफ्टवेअर स्टेप ७, दुसऱ्यात विंडोज ७, तिसऱ्यात काही आणखी. रॉकवेल कंपनीच्या आरएसलॉजिक्स ५००० या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोलरच्या फर्मवेअरची मुख्य आवृत्ती आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती जुळावीच लागते. आवृत्ती १६ चा कंट्रोलर असेल तर १६ च हवी, २० असून उपयोग नाही. सीमेन्सच्या टीआयए पोर्टलमध्ये प्रोजेक्ट नव्या आवृत्तीत उघडून सेव्ह केला, की तो जुनीत परत जात नाही. बाहेरून आलेला इंजिनिअर आपल्या लॅपटॉपवरच्या ताज्या आवृत्तीत प्रोजेक्ट वर नेतो, छोटासा बदल करतो आणि निघून जातो. महिन्याभराने रात्रपाळीत लाइन थांबते, आणि प्लँटमधल्या जुन्या आवृत्तीला तो प्रोजेक्ट उघडतच नाही. यात बिघाड कुणाचाच नसतो. सगळं मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं.

आता विंडोजकडे. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत प्रत्येक स्काडा कंपनीला प्रत्येक पीएलसीसाठी वेगळा ड्रायव्हर लिहावा लागे. ऑगस्ट १९९६ मध्ये ओपीसी हे मानक आलं, आणि सगळ्यांना एक समाईक दुभाषा मिळाला. एका बाजूने पीएलसीचं बोलणं घ्यायचं, दुसऱ्या बाजूला कुठल्याही सॉफ्टवेअरला समजेल असं द्यायचं. पण हा दुभाषा उभा होता मायक्रोसॉफ्टच्या कॉम आणि डीकॉम या तंत्रांवर. डीकॉम म्हणजे एका संगणकावरच्या प्रोग्रॅमने नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकावरच्या प्रोग्रॅमला कामाला लावणं. ऑफिससाठी बनवलेली गोष्ट. बॉयलरच्या ड्रमची पातळी तिच्यावरून जाईल असं तिच्या कर्त्यांच्या मनातही नसावं.

पहिला दणका ऑगस्ट २००३ मध्ये. ‘ब्लास्टर’ किडा नेमका डीकॉमच्या वाटेनेच विंडोजमध्ये शिरला. मायक्रोसॉफ्ट जागी झाली, आणि ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला. फायरवॉल आपोआप चालू, अनोळखी डीकॉम विनंत्यांना मज्जाव. घरच्या संगणकांसाठी ही उत्तमच गोष्ट होती. कारखान्यांत मात्र दूरच्या संगणकावरचं ओपीसी थंडावलं, आणि तेही अर्धवट. सर्व्हर यादीत दिसे, जोडणी झाल्यासारखी वाटे, पण आकडे येत नसत. कारण ओपीसीमध्ये आकडा बदलला की सर्व्हर उलट क्लायंटला हाक मारतो, आणि ती उलटी हाक आता फायरवॉलवर आपटत होती. दोन्ही संगणकांवर परवानग्या द्यायला हव्यात, हे लक्षात यायला वेळ लागला. ओपीसी फाउंडेशनने यासाठी पायरीपायरीने सांगणारी पुस्तिकाही काढली. पण पुस्तिका वाचायला वेळ कुणाला? लाइन थांबलेली, मॅनेजर डोक्यावर उभा. मग अनेक ठिकाणी फायरवॉल बंद केली गेली, डीकॉमच्या खिडकीत जाऊन ‘एव्हरीवन’ला सगळे हक्क दिले गेले, ओळख तपासण्याची पातळी ‘नन’ वर नेली गेली. आकडे आले, सगळे घरी गेले. ही सेटिंग्ज पुढे वर्षानुवर्षं कुणी उघडून पाहिली नाहीत.

त्याची थकबाकी २०२१ मध्ये वसुलीला आली. डीकॉममध्ये नवी फट सापडली आणि मायक्रोसॉफ्टने ठरवलं, की यापुढे डीकॉमची जोडणी किमान ‘पॅकेट इंटिग्रिटी’ पातळीवरच होईल. म्हणजे वाटेत कुणी संदेशात फेरफार केला तर तो पकडला जाईल. या वेळी मात्र कंपनीने घाई केली नाही, हे मान्य करायला हवं. तीन टप्पे जाहीर झाले. ८ जून २०२१: सोय आली, पण बंद ठेवलेली. १४ जून २०२२: आपोआप चालू, पण रजिस्ट्रीतला एक आकडा बदलून बंद करता येईल. १४ मार्च २०२३: चालू, आणि बंद करण्याचा मार्गच नाही. मध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये आणखी एक मदत आली. क्लायंट जुना असला तरी विंडोज स्वतःच त्याची पातळी वर उचलू लागलं. त्या काळात विंडोजच्या नोंदवहीत १००३६ क्रमांकाची नोंद दिसली की समजायचं, कुणीतरी जुन्या पद्धतीने दार ठोठावतंय आणि मार्च २०२३ नंतर ते दार उघडणार नाही.

एवढी स्पष्ट पूर्वसूचना या व्यवसायात क्वचितच मिळाली असेल. रॉकवेलसह अनेक उत्पादकांनी आपापल्या पत्रकांत याद्या दिल्या: अमुक आवृत्ती चालेल, तमुक नाही. पण सूचना मिळणं आणि काम होणं यांत कारखान्याचा अख्खा कारभार आडवा येतो. पत्रक आयटी खात्याकडे जातं, पॅनेल इन्स्ट्रुमेंटेशनकडे असतं, प्लँट बंद करायचा निर्णय प्रॉडक्शनचा, आणि ज्या इंटिग्रेटरने मूळ सेटिंग्ज केली तो दुसऱ्या राज्यात गेलेला. शिवाय विंडोजचे अपडेट बंदच ठेवलेले असतील तर काहीच बिघडत नाही, आणि काही बिघडत नाही म्हणून कुणी काही करत नाही. एखाद्या दिवशी एकच संगणक बदलला जातो, नवा ताज्या विंडोजसह येतो, आणि त्याच्याशी बोलायला बाकीचे नकार देतात. सरळ उपाय होता: डीकॉमवर न चालणारं ओपीसी यूए, ज्याची पहिली मानकं २००६ मध्येच आली होती. नाहीतर दोन्ही टोकांना छोटे प्रोग्रॅम बसवून डीकॉमला वगळणारे ‘टनेलर’. दोन्ही उपाय चांगले, पण त्यांनाही एक शटडाउन लागतो.

कधी कधी उत्पादकच सांगतो, हात लावू नका. २०१० मध्ये इराणच्या सेंट्रिफ्यूजवर नेम धरलेला ‘स्टक्सनेट’ उघडकीला आला. सीमेन्सच्या विनसीसी या स्काडाच्या डेटाबेसचा कायमचा ठरलेला पासवर्ड त्याच्या उपयोगी पडला होता, आणि तो पासवर्ड आधीच जगजाहीर झालेला. मग बदलून टाकायचा ना? सीमेन्सचा सल्ला उलट होता: बदलू नका, बदललात तर विनसीसीचे भाग एकमेकांशी बोलायचे थांबतील. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हा प्रकार. सल्ल्यावर टीका झाली, आणि व्हायलाच हवी होती. पण तेव्हा एखादा प्लँट चालवणाऱ्याच्या हातात दुसरं काय होतं, हेही विचारायला हवं.

महाराष्ट्रात या कामाला ऋतू असतो तो साखर कारखान्यांत. बॉयलर, गिरणी, टर्बाइन, सहवीज, सगळीकडे पीएलसी किंवा डीसीएस नावाची मोठी नियंत्रण यंत्रणा आहे, आणि ऊस आला की दिवसरात्र गाळप. हंगामात कुणी फर्मवेअरचं नावही काढत नाही. उन्हाळ्यात गळीत संपलं की रोलर उतरतात, ट्यूब तपासल्या जातात, आणि त्याच गर्दीत कंट्रोल पॅनेलचा नंबर लागतो. बॉयलर अग्निप्रदीपनाची तारीख ठरलेली, मोळीपूजनाची ठरलेली. त्या आत जुना प्रोग्रॅम बॅकअपमधून खरोखर उघडतो का हे पाहायचं, नवा टाकायचा, प्रत्येक वाल्व्ह आणि ट्रान्समीटर एकेक करून तपासायचा, आणि जमलं नाही तर जुना सीपीयू परत बसवता येईल अशी वेळ राखायची. ही शेवटची राखीव वेळ बहुधा आधी कापली जाते, कारण वेळापत्रकात तीच रिकामी दिसते.

आता तारखांची नवी रांग लागली आहे. सीमेन्सने एस७-३०० मालिका २०२३ पासून निवृत्तीला लावली आहे, सुटे भाग २०३३ पर्यंत मिळतील. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याची यंत्रांसाठी असलेली दीर्घ मुदतीची २०२१ ची आवृत्ती जानेवारी २०३२ पर्यंत चालेल. म्हणजे त्या आवृत्तीवरचा संगणक आणि त्याच्याशी जोडलेला एस७-३०० जेमतेम वर्षा-दोन वर्षांच्या अंतराने हद्दपार होतील. दोन वेगळे शटडाउन मागण्यापेक्षा पीएलसी, संगणक आणि ओपीसी एकाच बंद काळात बदलावं, असा हिशोब काही प्लँट मांडताहेत. काहींना तो धोक्याचा वाटतो, कारण तिन्ही एकदम बदलल्यावर आकडा चुकला तर तो नेमका कुठे चुकला हे शोधायलाच पहिली रात्र जाते.